600 रुपये जेवणाचे वेगळे : आमच्या गावच्या काकूंकडच्या पाळणाघराबद्दल

आधीच सांगते, पाळणाघर म्हणजे बोर्डबिर्ड काही नाही इथं. वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातलं आमचं गाव, त्यात एका काकूंचं घर, समोर सारवलेलं अंगण, अंगणात कडुनिंब आणि त्याच्याखाली सकाळी साडेनऊपासून पाच-साडेपाचपर्यंत गावातल्या नोकरीवाल्यांची पाच लेकरं. कापसाच्या सीझनमध्ये ती पाचाची नऊ-दहा होतात, ते पुढं सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, मिस्टर आर्वीला प्रायव्हेटमध्ये, सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यामुळे पोरगं सव्वा वर्षाचं असल्यापासून काकूंकडे जातं, आता पावणेतीनचं आहे. म्हणजे दीड वर्षाचा अनुभव झाला, तेव्हा लिहायला हरकत नाही.

सांभाळण्याबद्दल फार लिहीत नाही कारण त्यात तक्रारच नाही. घर स्वच्छ, विहिरीवर जाळी, चूल मागच्या पडवीत आणि तिकडं जायच्या दारात आडवी फळी लावलेली, एकही लेकरू आजपर्यंत पडलं-झडलं नाही (एकदा माझ्याच पोट्ट्यानं मुंगळा हातात धरला होता, पण तो काकूंचा दोष नाही). ताप आला तर फोन येतो, औषध मनानं देत नाहीत. संध्याकाळी घ्यायला गेलं की पोरगं माझ्याकडं यायला तयार नसतं. यातच काय ते समजून घ्या.

खरं लिहायचं आहे ते जेवणाबद्दल, कारण मागच्या जूनपासून गावात यावरून जे काही झालं ना, ग्रामपंचायतीच्या इलेक्शनलाही एवढा गदारोळ झाला नव्हता.

पहिल्यांदा काकू काय खाऊ घालतात ते सांगते. साडेदहाला दूध, ते आपण घरून द्यायचं बाटलीत. साडेबाराला जेवण. सोमवारी-मंगळवारी वरण-भात-भाजी आणि पोळीचा कुस्करा, बुधवारी मुगाची खिचडी त्यात आलू-टमाटर आणि वरून सांबार (म्हणजे कोथिंबीर), गुरुवारी पुन्हा वरण-भात, शुक्रवारी ज्वारीच्या कण्या ताकात, आणि शनिवारी वरणफळं. हे लेकरांचं सगळ्यात आवडतं, माझं पोरगं शनिवारी सकाळपासून "फयं फयं" करत असतं. आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं. चार वाजता केळ नाहीतर मुरमुरे-फुटाण्याचं पीठ नाहीतर फल्लीकुटाचा (शेंगदाण्याच्या कुटाचा) लाडू, अख्खे दाणे नाही, लहान लेकराच्या घशात अडकतात म्हणून काकू कूटच करतात आणि हे त्यांना कोणी शिकवलं नाही, त्यांचं त्यांनाच माहीत आहे. उन्हाळ्यात आंबील. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा उकडून, दाणे काढून, चेचून. आणि भरवणं म्हणजे नुसतं ताट पुढं सरकवणं नाही, एका मोठ्या ताटात कालवतात, अर्ध्या गोलात लेकरं बसवतात आणि एकेकाच्या तोंडात घास, हा मामाचा, हा आत्याचा, हा बैलाचा. बैलाचा घास सगळ्यांनाच पाहिजे असतो. मी घरी एका लेकराला भरवताना रडकुंडीला येते, या पाच जणांना पाऊण तासात उरकतात.

तर हे सगळं पहिल्या वर्षी 2000 रुपयांत होतं, सांभाळणं आणि जेवण धरून. मग मागच्या जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी काकूंनी आम्हा पाची आयांना बोलावलं, चहा दिला, आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी पदराशी खेळत म्हणाल्या, "मॅडम, तुमी राग नका मानू, पन मले परवडून नाही राह्यलं. सांबाळाचे दोन हजार तेवढेच राहू द्या, जेवनाचे सहाशे अलग द्या. नाही जमत तं डब्बा देजा, मी त्योच खाऊ घालीन."

आता खरं सांगू का, त्या दिवशी मलाही राग आला होता. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय जाऊ देत नाहीत, आणि इथं लेकराच्या वरणभाताचे पैसे? घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "लेकराच्या घासाचा हिशोब कोनी करते का वं?" गावात हेच सगळे बोलत होते. बँकेतल्या सरांनी तर आमच्या पालकांच्या ग्रुपवर टाकलं की फी वाढवायचीच असेल तर सरळ 2600 म्हणा, हे अन्नाचे पैसे वेगळे दाखवणं बरं दिसत नाही. त्याला सगळ्यांनी अंगठे दिले, मीपण दिला. आज तो अंगठा परत घ्यावासा वाटतो.

मग मी हुशारी केली. म्हटलं 600 वाचवू, डबा देऊ. जुलैमध्ये तीन आठवडे दिला डबा. सकाळी सहाला उठून पोळी-भाजी, मऊ भात, डब्यात भरायची, आणि संध्याकाळी डबा उघडला की पोळी वातड, भात गोळा होऊन बसलेला. लेकरू खात नव्हतं असं नाही, ते दुसऱ्याचं खात होतं. बाजूला गरम वरणफळं चालू आणि याच्यासमोर सकाळची थंड पोळी, कोणतं लेकरू खाईल? काकू शेवटी त्याला दोन घास ताटातले द्यायच्याच, समोर लेकरू तोंड उघडून बसलंय आणि त्याला वगळायचं हे त्यांना होत नव्हतं. म्हणजे माझे 600 वाचले, माझी एक तास झोप गेली, डब्यातलं अन्न कोंबड्यांना गेलं आणि जेवण काकूंच्याच पदरचं. चौथ्या सोमवारी मुकाट्यानं 600 दिले. काकू काही बोलल्या नाहीत, वहीत लिहिलं आणि आत गेल्या.

त्यानंतर एका रविवारी मी बसून हिशोब केला, शिक्षिकेची सवय. एका लेकराचा एका दिवसाचा, आमच्या गावच्या दुकानाच्या भावानं. तुरीची डाळ 4 रुपयांची, तांदूळ अडीच, कणीक-ज्वारी दीड, भाजी 5, तेल-तूप 3, अंड्याचे सरासरी 2, केळ किंवा मुरमुरे 4, गॅस 2. झाले 24. महिन्याचे 25 दिवस धरले तर बरोब्बर 600. म्हणजे काकूंनी कुठं शाळेत न जाता अगदी पैशापर्यंत काढलेला आकडा होता तो, आणि त्यात स्वतःची मजुरी शून्य धरली होती. उलटं करून बघा, पहिल्या वर्षी 2000 मधून हे 600 गेले तर हातात 1400, दिवसाचे 56, आठ तासांचे, म्हणजे एका लेकरामागं तासाला 7 रुपये. पाच लेकरांचे 7000 होतात महिन्याचे, मान्य आहे, पण पाच लेकरं म्हणजे पाच लेकरं असतात, आमच्या वर्गात पस्तीस असले तरी ते शी-शू स्वतः करतात.

हा हिशोब मी मैत्रिणीला दाखवला तर ती म्हणे, शाळेत तर पावणेसात रुपयात जेवण होतं, काकूले 24 कायले लागते? हा प्रश्न आला ते बरंच झालं, कारण पोषण आहाराचं रजिस्टर माझ्याच टेबलावर असतं. पावणेसात म्हणजे मे 2025 पासूनचा 6 रुपये 78 पैशांचा जो दर आहे पहिली ते पाचवीसाठी (सहावी ते आठवीला 10 रुपये 17 पैसे), तो नुसता डाळ-भाजी-तेल-मसाला-इंधन यांचा आहे. तांदूळ त्यात नाही, तो लहान लेकराला 100 ग्रॅम आणि मोठ्याला 150 ग्रॅम या हिशोबानं सरकारकडून वेगळा येतो. शिजवणाऱ्या बायांचं मानधन त्यातही नाही, ते आणखी वेगळं. आणि एकाच मोठ्या गंजात शंभर लेकरांचं शिजतं ते वेगळंच. म्हणजे सरकारलासुद्धा कळतं की धान्य वेगळं, फोडणी वेगळी आणि हात चालवणाऱ्या बाईचे कष्ट वेगळे, तीन खाती आहेत ही. आम्ही मात्र काकूंची तिन्ही खाती एकाच दोन हजारात कोंबून वर म्हणत होतो की वेगळं दाखवणं बरं दिसत नाही.

सरळ 2600 का नको, हा सरांचा मुद्दा तरी राहतोच. मला वाटतं नको, आणि त्याचं कारण मी भोगलेलं आहे. इथं बदली व्हायच्या आधी आम्ही शहरात होतो तेव्हा पोरगं तान्हं असताना तीन महिने एका घरगुती पाळणाघरात टाकलं होतं (नाव घेत नाही), तिथं सगळं धरून 3500 होते, "जेवण इन्क्लुडेड" असं मोठ्या अक्षरात. तिथं सहा महिन्यांच्या वरच्या लेकरांना काय द्यायचे? डाळीचं वरचं पाणी आणि ग्लुकोज बिस्किट चहात बुडवून. जेवण एका आकड्यात लपलं की महागाई वाढली की पहिली काटकसर त्याच्यातच होते, कारण ते कोणाला दिसत नाही, लेकरू काही घरी येऊन सांगत नाही. काकूंच्या वहीत जेवणाचे 600 वेगळे लिहिलेले आहेत म्हणून मी हक्कानं विचारू शकते की या आठवड्यात अंडं एकदाच का. आणि त्या सांगतात, मॅडम, अंडे सात रुपयाले गेले, म्हनून केळं देली. संपलं.

अंड्यावरून आठवलं. आमच्यातलं एक लेकरू महानुभाव घरचं आहे, ते अंडं खात नाहीत. त्याची आई म्हणाली, मग माझे 50 कमी करा. काकूंनी पैसे कमी केले नाहीत, अंड्याच्या दिवशी त्याला तूपसाखरपोळी सुरू केली. आता बाकीची चार पोट्टी अंड्याच्या दिवशी तूपसाखरपोळी मागतात, काकूंचा खर्च दुप्पट.

आता जे तीन वर्षांच्या वरचे आहेत त्यांचं काय, हा प्रश्न आमच्याकडं वेगळा आला. काकूंकडच्या पाचांपैकी दोन जण अंगणवाडीत जातात, काकू स्वतः सोडून येतात आणि दुपारी आणतात. अंगणवाडीत 3 ते 6 वर्षांच्या लेकरांना गरम ताजा आहार असतो. तीनच्या आतल्यांना मात्र घरी न्यायची पाकिटं. दर आहे दिवसाला 8 रुपये, आणि तो दर 2017 चा आहे, तेव्हा तेल काय भाव होतं आणि आता काय आहे बघा. तरी आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस ताई त्यात खिचडी-उसळ व्यवस्थित करतात, त्यांचे उपकार. त्या दोघांच्या आया म्हणाल्या, दुपारचं तिकडं जेवतात तर आम्ही 600 का भरायचे? बरोबर आहे. काकूंनी त्यांना 300 केले, पण ती दोघं परत आली की पुन्हा ताटाजवळ बसतातच, तीनशेवाली आणि सहाशेवाली लेकरं सारखीच खातात असं काकूच हसून सांगतात.

(गावातच सरकारी पाळणाघर असतं तर हा प्रश्न आलाच नसता म्हणा. 2022 पासून केंद्र सरकारच्या मिशन शक्तीत पाळणा म्हणून योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, 6 महिने ते 6 वर्षांच्या लेकरांसाठी. आमच्या गावात काही ते पोचलेलं नाही.)

सगळ्यात वांधा झाला तो कापूस वेचणी सुरू झाल्यावर. दिवाळीच्या आसपासपासून जानेवारीपर्यंत वेचायला जाणाऱ्या बाया आपली लेकरं सकाळी सातलाच काकूंकडे सोडून जातात, दिवसाचे 30 रुपये. किलोवर मजुरी असते, लेकरू कडेवर असलं की वेचणं अर्ध्यावर येतं, म्हणून 30 रुपये त्यांना परवडतात पण जेवणाचे आणखी 24 नाही परवडत. त्यांचा डबा असतो, ज्वारीची भाकर, जवसाची नाहीतर फल्लीची चटणी, कधी कांदा. रोजगार हमीच्या कामावर निदान 2005 च्या कायद्यात लिहिलेलं होतं की सहा वर्षांच्या आतली पाच किंवा जास्त लेकरं आली तर एक बाई सांभाळायला ठेवायची, तिला मजुरी द्यायची. कापसाच्या वावरात असं कोण ठेवते? कोणीच नाही. मग काकू आहेतच.

आता एकाच अंगणात चार-पाच लेकरं गरम वरणभात खाणार आणि चार जण कोरडी भाकर, हे काकूंच्यानं बघवलं नाही. पहिल्याच आठवड्यात मी लवकर गेले तेव्हा बघितलं, भाकर कुस्करून त्यावर वरण ओतलेलं आणि सगळे एकाच ताटाभोवती. वहीत मात्र त्या लेकरांच्या नावापुढं जेवणाचा रकाना रिकामा. हे बँकेतल्या सरांच्या लक्षात आलं आणि मग ग्रुपवर पुन्हा सुरू, आमच्या पैशातून बाकीचे पोट्टे जेवून राह्यले. माझ्याही मनात क्षणभर आलं, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी माझ्या पोराच्या तोंडाला जवसाचा वास. विचारलं तर काकू म्हणाल्या, "तुमचं पोट्टं तं त्या बाईच्या भाकरीवरच जगून राह्यलं मॅडम, अर्धी भाकर रोज खाते, मले वाटलं घरी सांगन." घरी पोळीचे दोन घास खायला नाटकं करणारं माझं पोरगं मजुराच्या लेकराच्या डब्यातली भाकर रोज खात होतं, आणि त्या भाकरीचे पैसे मी कोणाला दिले होते? मी ग्रुपवर एवढंच लिहिलं. अंगठा कोणीच दिला नाही, पण विषय बंद झाला.

माझी एक मावसबहीण इंग्लंडमध्ये आहे, तिची मुलगी पण घरी सांभाळणाऱ्या एका बाईकडे जाते, तिथं त्यांची रीतसर नोंदणी असते. तिला हे सांगितलं तर ती म्हणे, आमच्याकडंही हेच भांडण आहे. तिथं सप्टेंबर 2025 पासून नोकरीवाल्या आईबापांच्या 9 महिन्यांच्या वरच्या लेकरांना आठवड्याला 30 तास, वर्षाचे 38 आठवडे, सरकार पैसे भरतं. पण त्या पैशात जेवण धरलेलं नाही, ते सांभाळणारी बाई वेगळं लावू शकते, फक्त सक्ती करता येत नाही, जेवण घेतलं नाही म्हणून त्या फुकट तासांची जागा नाकारता येत नाही. मला हसू आलं. आमच्या काकूंनी जूनमध्ये चहा पाजून हेच सांगितलं होतं की, जमत असेल तर द्या, नाही तर डबा द्या.

तक्रारी नाहीत असं नाही. एक म्हणजे सुट्ट्यांचा हिशोब. दिवाळीत आम्ही बारा दिवस माहेरी होतो, सांभाळायचे पैसे पूर्ण दिले ते ठीक, जागा धरून ठेवावी लागते, पण जेवणाचे 600 पण पूर्ण घेतले. जे लेकरू नव्हतंच त्यानं खाल्लं काय? बोलले मी. काकू म्हणाल्या किराणा महिन्याचा भरते. तरी हे मला पटलेलं नाही, आठ दिवसांच्या वर सुट्टी असली तर 24 च्या हिशोबानं कापायला पाहिजे, शेवटी वेगळं लावलं आहे तर वेगळं मोजा ना. दुसरं, तिखट. काकूंना वाटतं वऱ्हाडातलं लेकरू आहे, लहानपणापासून सवय पाहिजे, तर वरणाला मिरचीची फोडणी. दोन-तीनदा सांगितल्यावर आता वरण आधी बाजूला काढतात आणि मग फोडणी देतात, पण नवीन येणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. तिसरं, शेजारच्या दुकानातून येणारे ते रंगीत पोंगे. ते काकू देत नाहीत, त्यांचा पुतण्या देतो, पण थांबवत नाहीत.

आणि तान्ह्या पोळ्याला काकूंनी अंगणात लाकडी बैल मांडले, लेकरांना टोप्या घातल्या, पुरणपोळ्या केल्या, आम्ही संध्याकाळी गेलो तर आम्हालाही बसवलं. बँकेतले सर तीन पुरणपोळ्या खाऊन उठताना म्हणाले, काकू हे कोणत्या रकान्यात लिहिता? काकूंनी त्यांना चौथी वाढली.

कोणाला टाकायचं असेल तर सध्या एक जागा आहे, दीड वर्षाच्या वरचं लेकरू पाहिजे. सांभाळायचे 2000, जेवणाचे 600, अंगणवाडीत जात असेल तर 300, दूध घरचं. मार्चमध्ये शाळा सकाळची झाली की आमचं लेकरू दुपारचं घरीच जेवेल, तेव्हा जेवणाचे किती घेतात ते विचारायचं बाकी आहे. माझा अंदाज 250, मिस्टर म्हणतात 300. माझ्याकडून पाचापैकी साडेचार, अर्धा दिवाळीच्या बारा दिवसांचा कापला.